रूझवेल्टांचं उन्हाळ्याचं घर आणि आमच्या काकांचं कॅलिपर

मे महिन्यात भुसावळला ज्याने दुपारचे बारा ते पाच काढलेत त्याला ‘समर हाऊस’ म्हणजे काय हे समजावून सांगायला लागत नाही, त्याला फक्त हेवा वाटतो. आमच्याकडे पारा ४५ ला गेला तर आता कोणी बातमीसुद्धा करत नाही, ४७ झाला तर पेपरात चौकट येते. उन्हाळा इथे काढायचा असतो. सकाळी दहाच्या आत बाजार उरकायचा, खिडक्यांना ओली पोती, कूलरच्या टाकीत पाणी, खिशात कांदा, आणि बायका तर त्या उन्हालाही फुकट जाऊ देत नाहीत, बिबडे पापड कुरडया सगळं गच्चीवर वाळत घालून वसूल करतात. जरा बरे पैसे असले तर लोक दोन दिवस पालला नाहीतर तोरणमाळला जाऊन येतात आणि मग महिनाभर सांगत बसतात की तिकडे रात्री पांघरूण लागत होतं म्हणे.

तर असा मी माणूस, आणि या वर्षी रात्री लाईट गेली की गच्चीवर पडून मोबाईलवर एकाच घराबद्दल वाचत बसायचा नाद लागला. अमेरिकेच्या रूझवेल्ट घराण्याचं उन्हाळ्याचं घर. चौतीस खोल्या, त्यातल्या अठरा झोपायच्या, सहा बाथरूम, आणि वीज नाही. टेलिफोन पण नाही. रॉकेलचे दिवे, मेणबत्त्या, पवनचक्कीने वर चढवलेलं पाणी. म्हणजे न्यूयॉर्कला सगळ्या सोयी असलेली माणसं दरवर्षी गडीमाणसं आणि ट्रंका घेऊन दोन दिवसांचा प्रवास करून लोडशेडिंगमध्ये राहायला जायची. हौसेने. आम्हाला ते घरबसल्या मिळतं, त्याचं कौतुक कोणी करत नाही.

आणि गंमत म्हणजे अमेरिकेचा सर्वात जास्त काळ राष्ट्राध्यक्ष राहिलेला माणूस, फ्रँकलिन रूझवेल्ट, चार वेळा निवडून आलेला, त्याचं हे घर अमेरिकेत नाहीच. ते कॅनडात आहे. कॅम्पोबेलो नावाचं बेट आहे, न्यू ब्रन्सविक प्रांतात येतं, पण समोरचा किनारा अमेरिकेच्या मेन राज्याचा, लुबेक नावाचं गाव, मध्ये एवढीशी खाडी. आजही बेटावरच्या माणसाला गाडीने आपल्याच कॅनडातल्या मुख्य भूमीवर जायचं असेल तर पूल ओलांडून आधी अमेरिकेत शिरावं लागतं, मग तिथून परत कॅनडात. उन्हाळ्यात फेरी बोट असते तेवढी सुटका.

मुळात हे बेट कोळ्यांचं, हेरिंग मासे पकडणाऱ्यांचं. १८८० च्या सुमारास बोस्टन-न्यूयॉर्कच्या काही व्यापाऱ्यांनी बेटाचा मोठा भाग विकत घेतला, हॉटेलं बांधली आणि जाहिरात सुरू केली की इथली हवा थंड आहे, शहरातल्या उकाड्यापासून सुटका, शिंकांचा त्रास असलेल्यांना तर फारच छान. थोडक्यात प्लॉट पाडले. जेम्स रूझवेल्ट आणि त्यांची बायको सारा १८८३ ला तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा फ्रँकलिन वर्षाचा होता. त्यांना आवडलं, त्यांनी जागा घेतली, दोन वर्षांत घर उभं राहिलं, आणि पुढे पोराचे जवळजवळ सगळे उन्हाळे तिथे गेले. होडी चालवायला तो तिथेच शिकला. तिथलं पाणी म्हणजे काही तलाव नाही, फंडीचा उपसागर आहे, जगातली सगळ्यात मोठी भरती-ओहोटी त्या उपसागरात होते, कॅम्पोबेलोच्या आसपास पाणी वीस फुटांच्या वर चढतं-उतरतं, त्यात धुकं, त्यात खडक. सोळाव्या वर्षी बापाने त्याला स्वतःची एकवीस फुटी शिडाची होडी घेऊन दिली. आपल्याकडे दहावीनंतर मोटरसायकलसाठी रुसतात, तसंच.

आता ज्या घराला आज लोक बघायला जातात ते हे बापाचं घर नाही. ते शेजारचं. १८९७ ला बोस्टनच्या कून नावाच्या कुटुंबासाठी बांधलेलं, लाल रंगाचं, हिरव्या खिडक्यांचं. त्या कूनबाईंचा फ्रँकलिन आणि त्याची बायको एलिनॉर या जोडप्यावर जीव होता. बाई १९०८ ला वारल्या आणि मृत्युपत्रात लिहून गेल्या की माझं घर सारा रूझवेल्टला सामानासकट ५००० डॉलरला मिळेल, अट एकच, ते तिने फ्रँकलिन-एलिनॉरसाठी घ्यायचं. साराने १९०९ ला घेऊन दिलं.

इथे थोडं सासूबद्दल सांगायलाच पाहिजे, त्याशिवाय त्या पाच हजारांची किंमत कळणार नाही. सारा रूझवेल्ट ही जगातल्या कुठल्याही सासूला क्लास घेऊ शकेल अशी बाई होती. न्यूयॉर्कला तिने मुलासाठी घर बांधलं ते जोडघर, अर्ध्यात ती, अर्ध्यात हे, आणि मधल्या भिंतीला दारं. जेवणघराला दार, वरच्या मजल्यावर दार. कधी सासू कुठून येईल याचा नेम नाही. एलिनॉर त्या नव्या घरात आरशासमोर बसून रडली होती, नवऱ्याला कळेना की नवीन कोऱ्या घरात बाई रडते कशाला. न्यूयॉर्क राज्यातल्या हाईड पार्क गावचं वडिलोपार्जित घर तर पूर्ण साराचंच. अशा सासूच्या सुनेला, एलिनॉरला, कॅम्पोबेलोवर पहिल्यांदा असं घर मिळालं जिथे खुर्ची कुठे ठेवायची ते ती ठरवणार. सासूचं घर शेजारीच होतं म्हणा, पण मध्ये कुंपण होतं, आणि भिंतीतलं दार आणि कुंपण यात किती फरक असतो ते एकत्र कुटुंबात राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा. जेवायची वेळ झाली की एलिनॉर भोंगा घेऊन ओरडायची, पोरं खडकांवरून, पाण्यावरून धावत यायची. फोन नव्हता ना. लांबच्या होडीला हाक मारायची तरी तोच भोंगा.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये, तिकडे युरोपात महायुद्ध नुकतंच पेटलेलं, त्यांचा एक मुलगा या घरातच जन्मला, फ्रँकलिन ज्युनिअर. डॉक्टर लुबेकहून आणायला लागला, बेनेट नावाचे गावातलेच डॉक्टर. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येतात. पोरं वाढली म्हणून १९१५ ला घराला एक भाग आणखी जोडला. फ्रँकलिन तेव्हा वॉशिंग्टनला नौदल खात्यात मोठ्या हुद्द्यावर, म्हणजे उन्हाळाभर बायको-पोरं बेटावर थंड हवेत आणि हे साहेब राजधानीत. त्याचं काय झालं ते जगजाहीर आहे, बायकोचीच सेक्रेटरी लूसी मर्सर, आणि १९१८ ला एलिनॉरच्या हाती पत्रं लागली. घटस्फोटापर्यंत गेलं होतं प्रकरण. यावर मी जास्त लिहीत नाही, इंटरनेटवर त्याचीच गर्दी आहे. फक्त एवढंच की उन्हाळ्याच्या घराला ही पण एक बाजू असते, बाप शहरात राहतो.

मला ज्याने धरून ठेवलं ते १९१६ साल. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला पोलिओची फार मोठी साथ आली. अमेरिकाभर २७,००० च्या वर रुग्ण, सहा हजारांच्या आसपास मेले, बहुतेक लहान पोरं. लोक गाव सोडून पळायला लागले तर बाहेरच्या गावांनी वेशीवर पोलीस बसवले, सोळा वर्षांखालचं पोर असेल तर दाखला दाखवा नाहीतर मागे फिरा. कोविडमध्ये आपल्या गावांनी रस्त्यावर बाभळीचे फांदोरे टाकले होते ते आठवा. रूझवेल्टांची पाच पोरं तेव्हा कॅम्पोबेलोला होती, आणि फ्रँकलिनने बायकोला कळवलं की इकडे यायचं नाही, तिथेच थांबा. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, सुट्टी कधीच संपली, घर थंडीसाठी बांधलेलंच नाही, तरी थांबले. शेवटी ऑक्टोबरमध्ये त्याने नौदलाचं डॉल्फिन नावाचं जहाज पाठवून सगळ्यांना आणवलं, म्हणजे रेल्वेतल्या गर्दीशी संबंधच नको. सरकारी जहाज घरच्या कामाला. तेव्हाही चालायचं.

तर १९१६ ला हे घर पोलिओपासून लपायची जागा होतं. आणि पाच वर्षांनी पोलिओने त्याच घरात, पोरांना सोडून, बापाला गाठलं.

१९२१ चा ऑगस्ट. फ्रँकलिन ३९ वर्षांचा, आदल्या वर्षी उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेला, त्या जुलैत नौदलातल्या एका जुन्या भानगडीवरून सिनेटच्या समितीने पेपरात झोडपलेला. बेटावर यायच्या आधी तो न्यूयॉर्कजवळ बॉय स्काऊटच्या कॅम्पला जाऊन आला होता, पोरांच्या गर्दीत, आणि लागण बहुधा तिथेच झाली असं मानतात. बेटावर आल्यावर एकदा मासे धरताना होडीतून त्या बर्फासारख्या पाण्यात पडला. १० ऑगस्टला बायको-पोरांना घेऊन होडीवर गेला, एका छोट्या बेटावर वणवा दिसला, तो उतरून फांद्यांनी झोडपून विझवला, धुराने डोळे लाल, मग घरी येऊन पोरांबरोबर दोनेक मैल पळत तळ्यावर, पोहून परत पळत, मध्येच समुद्रात पण बुडी, आणि घरी आल्यावर ओल्या कपड्यातच टपाल वाचत बसला. थंडी वाजायला लागली. जेवण नको म्हणाला, वर जाऊन झोपला. स्वतःच्या पायांनी कुणाच्या मदतीशिवाय जिना चढायची त्याची ती शेवटची वेळ.

दुसऱ्या दिवशी एक पाय लटपटला, ताप चढला, तिसऱ्या दिवशी उभंच राहता येईना. बेनेट डॉक्टर आले, म्हणाले सर्दीताप. मग आजूबाजूला सुट्टीवर आलेला कोणी मोठा डॉक्टर आहे का याचा शोध. सापडले कोण, तर डॉ. कीन, वय ८४, एकेकाळचे अमेरिकेतले नावाजलेले सर्जन, क्लीव्हलँड राष्ट्राध्यक्षाच्या तोंडातली गाठ १८९३ ला बोटीवर गुपचूप काढली त्या टीममधले. त्यांनी तपासून सांगितलं, मणक्याजवळ रक्ताची गुठळी आहे, भरपूर मालिश करा. आणि बिल ६०० डॉलर. शंभर वर्षांपूर्वीचे सहाशे. म्हणजे आख्खं घर पाच हजारांना आणि एका चुकीच्या निदानाचे सहाशे!

मालिशवाली बाई बेटावर कुठून मिळणार, म्हणून एलिनॉर आणि लुई हाऊ, हा फ्रँकलिनचा राजकारणातला उजवा हात, तो बायको-पोराला घेऊन तिथे पाहुणा म्हणून आला होता, ती दोघं रात्रंदिवस त्या पायांना चोळत बसली. एलिनॉर त्याच्याच खोलीत कोचावर झोपायची, लघवीची नळीसुद्धा तीच बघायची. आणि ताज्या पोलिओत दुखऱ्या स्नायूंना असं रगडणं म्हणजे आगीत तेल.

इथे मला थांबावं लागलं, कारण ही गोष्ट माझ्या घरात मी वेगळ्या माणसांच्या नावाने ऐकलेली आहे.

माझे मोठे काका दोन वर्षांचे असताना त्यांना ताप आला. रावेरकडचं गाव, साठच्या दशकातली गोष्ट. कोणीतरी कमरेत इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी उजवा पाय लुळा. बायका म्हणाल्या वारं गेलं अंगावरून. आजीने तीळाचं तेल कोमट करून महिनोन् महिने मालिश केली, गरम वाळूत पाय पुरून ठेवला, कुठल्या कुठल्या देवाला नवस. आजी जाईपर्यंत म्हणायची, मी कुठंतरी कमी पडली रे. तिला कोणी सांगितलंच नाही की तापात दिलेल्या सुईनेसुद्धा पोलिओचा लकवा बळावतो, आणि सुरुवातीला चोळायचं नसतं, पाय नुसता आधार देऊन ठेवायचा असतो. काकांना मी ही कॅम्पोबेलोची सगळी स्टोरी सांगितली तर ते शांतपणे म्हणाले, “काय रे भो, राष्ट्राध्यक्षाच्या बायकोनंबी तेच केलं ना मग. तुझी आजी तरी काय वेगळं करणार होती.”

तर तिकडे खरं निदान झालं ते मामामुळे. साराचा भाऊ फ्रेडरिक डेलानो. हाऊने त्याला पत्रात लक्षणं लिहून कळवली, त्याने ती बोस्टनच्या डॉक्टरांसमोर ठेवली, ते म्हणाले हा तर सरळ पोलिओ दिसतोय, मालिश थांबवा. डॉ. लव्हेट म्हणून त्यातले मोठे तज्ज्ञ, ते २५ ऑगस्टला बेटावर आले आणि शिक्कामोर्तब झालं. म्हणजे पंधरा दिवस गेले होते मध्ये. (२००३ मध्ये काही डॉक्टरांनी लक्षणं तपासून असंही म्हटलं की हा पोलिओ नसून गियाँ-बारे नावाचा दुसराच आजार असावा. असेल. त्याने आयुष्यभर लढाई पोलिओच्या नावाने लढली हे काही बदलत नाही.)

मला एक प्रश्न पडायचा की एवढी स्वच्छ, श्रीमंत, बेटावर वाढलेली माणसं, त्यांना कसा काय होतो हा रोग. उत्तर उलटं आहे. पोलिओचा विषाणू घाण पाण्यातून, हातातून तोंडात जातो. जिथे अस्वच्छता आहे तिथे तो जवळपास प्रत्येक पोराच्या पोटात अगदी तान्हेपणी जाऊन येतो, आईकडून आलेली थोडी प्रतिकारशक्ती अंगात असते, बहुतेकांना काही होत नाही आणि आयुष्यभराचं संरक्षण मिळून जातं. शेकड्यात एखाद्याच्याही खाली प्रमाण आहे पाय जाण्याचं, आमच्या गावात ते माझ्या काकांच्या वाट्याला आलं. पण जो पोरगा चौदा वर्षांपर्यंत घरीच मास्तर ठेवून शिकला, ज्याचे उन्हाळे बेटावर गेले, गर्दीत फारसा मिसळलाच नाही, त्याची आणि या विषाणूची गाठच पडत नाही, आणि मोठ्या वयात पडली तर लकव्याची शक्यता जास्त. विसाव्या शतकात अमेरिकेत साथी वाढल्या त्या स्वच्छता वाढली म्हणून, असं जाणकार सांगतात. म्हणजे ज्या निवांतपणासाठी जेम्स आणि सारा पोराला दरवर्षी तिथे घेऊन जायचे त्या निवांतपणानेच त्याला कोरा ठेवला. मला तर हे वाचून गच्चीवर उठून बसावंसं वाटलं.

मग लपवाछपवी. १३ सप्टेंबरला त्याला बेटावरून हलवलं. बेटावरच्या सहा माणसांनी स्ट्रेचरवर घालून त्याला जिन्यावरून, उतारावरून धक्क्यापर्यंत नेलं, मोटरबोटीच्या फळीवर झोपवलं, खाडी पार करून मेनमधल्या ईस्टपोर्टला. तिथे पत्रकार आणि बघे जमलेले. हाऊने त्यांना दुसऱ्याच धक्क्यावर बोट लागणार म्हणून सांगितलं, सगळे तिकडे धावले, इकडे याला सामानाच्या गाडीवर घालून स्टेशनात आणलं आणि डब्याच्या खिडकीतून आत सरकवलं. लोक पोचले तोवर साहेब उशीला टेकून, सिगारेट ओढत, खिडकीतून हसतायत. हा हसरा फोटो पुढे चोवीस वर्षं चालला. उभं राहायला पायांना बांधायच्या लोखंडी पट्ट्यांना काळा रंग दिला, म्हणजे काळ्या मोज्यांत दिसू नये. भाषणाच्या स्टेजवर कोणाचा तरी हात घट्ट धरून उभं राहायचं. व्हीलचेअरमधले त्याचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. अपंग आहे हे लोकांना माहीत होतं, किती आहे हे नव्हतं.

माझ्या काकांनी कधी काही लपवलं नाही, लपवणार कुठे, लपवायला गावात जागा लागते. त्यांचं कॅलिपर आम्हा पोरांचं खेळणं होतं. बुटाला जोडलेल्या दोन लोखंडी सळ्या, मांडीला कातडी पट्टा, आणि गुडघ्यापाशी एक कडी, चालताना ती खाली सरकून सांधा ताठ धरायची, बसायचं असलं की दोन बोटांनी कडी वर ओढायची मग गुडघा वाकायचा, खट् आवाज व्हायचा. दर रविवारी ते ओट्यावर बसून शिलाई मशीनचं तेल त्या सांध्यात सोडायचे, पट्ट्याला एरंडेल चोळायचे, येणाराजाणारा बघायचा, रामराम करायचा, मध्येच कोणी पोराने पाय घालून बघितला तर शिव्या. रूझवेल्टच्या पट्ट्यांनाही गुडघ्यापाशी असंच कुलूप होतं. काकांना मी फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणे हा सांधा चांगला आहे, पण जड असंल. तांत्रिक मत दिलं, बाकी राष्ट्राध्यक्ष वगैरेचं त्यांना काही नाही. पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झाल्यापासून गावातल्या शाळेत बूथवर ते खुर्ची टाकून बसायचे. डोस नको म्हणणारी आई आली की काही बोलायचे नाहीत, फक्त पाय पुढे करायचे. जानेवारी २०११ ला देशातला शेवटचा रुग्ण हावड्याला सापडला, २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्या दिवशी त्यांनी दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

कॅम्पोबेलोला मात्र रूझवेल्ट नंतर बारा वर्षं फिरकला नाही. बायको-पोरं जायची, हा नाही. गेला ते थेट राष्ट्राध्यक्ष होऊन, जून १९३३ मध्ये, आणि कसा, तर ४५ फुटी शिडाच्या होडीत स्वतः सुकाणू धरून, पोरांना बरोबर घेऊन, धुक्यातून, मागून नौदलाची जहाजं आणि पत्रकारांच्या बोटी. मला यातली त्याची हुशारी आवडते. जमिनीवरून गेला असता तर उचलून न्यावं लागलं असतं, ज्या धक्क्यावरून स्ट्रेचरवर गेला तिथेच उचलून. होडीत पाय लागत नाहीत, दंड लागतात, आणि दंड त्याने कमावले होते. त्यानंतर १९३६ आणि १९३९, अशा दोनच धावत्या भेटी. १९३६ म्हणजे आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते साल.

आणि हे तर राहूनच चाललं होतं. त्याच बेटावर डेक्स्टर कूपर नावाचा एक इंजिनिअर राहायचा, त्याच्या डोक्यात कल्पना की या अचाट भरती-ओहोटीवर धरण बांधून वीज काढायची. रूझवेल्टला ते पाणी लहानपणापासून माहीत, त्याने १९३५ ला ईस्टपोर्टला कामच सुरू करून दिलं. मंदीचा काळ होता, हजारो माणसांना काम मिळालं, कामगारांसाठी वसाहत उभी राहिली, साधारण सत्तर लाख डॉलर खर्च झाले, आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसने, त्यांच्या काँग्रेसने, पैसे बंद केले. पडलं ते पडलंच. म्हणजे ज्याच्या घरात दिवाबत्ती रॉकेलची तो समुद्रातून वीज काढायला निघाला होता. आम्ही दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बघत मोठे झालो, वीज आमच्या उशाशी तयार होते, राख आमच्या गच्चीवर येते, आणि हे सगळं मी अंधारात मोबाईलच्या उजेडात वाचतोय.

फ्रँकलिन १२ एप्रिल १९४५ ला गेला. बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ ला, साल्क या शास्त्रज्ञाची पोलिओ लस काम करते असं जाहीर झालं, आणि तिच्यामागचा पैसा त्यानेच १९३८ ला उभ्या केलेल्या संस्थेने लोकांकडून दहा-दहा सेंट गोळा करून जमवलेला. ती लस आमच्या रावेरकडे काकांच्या वेळेपर्यंत पोचली नाही एवढंच.

घराचं पुढे काय झालं? पोरांपैकी एलियटने १९५२ ला ते हॅमर बंधूंना विकलं, त्यातला आर्मंड हॅमर म्हणजे पुढे तेलाच्या धंद्यात गाजलेला. त्यांनी दुरुस्ती केली, सामान सांभाळलं. १९६२ च्या ऑगस्टमध्ये लुबेकहून बेटावर जाणारा पूल झाला, त्याला रूझवेल्टचंच नाव, त्या वेळी एलिनॉर आजारी असूनही आली आणि एकेकाळच्या स्वतःच्या घरात पाहुणी म्हणून राहिली. तीनेक महिन्यांत गेली. मग हॅमरांनी घर देऊन टाकलं. कोणाला द्यायचं, घर अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचं आणि जमीन कॅनडाची. तर १९६४ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आणि पंतप्रधान पिअर्सन यांनी करार केला, दोन्ही देशांच्या मालकीचं एकच पार्क, खर्च अर्धा-अर्धा, कमिशनवर माणसं समसमान. आता २,८०० एकर आहे ते सगळं. आमच्याकडे दोन सख्ख्या भावांना वाड्याची एक भिंत सामाईक ठेवता येत नाही, तालुका कोर्टात तारखा चालू असतात, पिंपळ उगवतो, माळवद खाली येतं आणि मग दोघं मिळून बिल्डरला देतात. माझ्याच आजोळी झालंय. त्यामुळे हे अर्धा-अर्धाचं प्रकरण मला पोलिओच्या गोष्टीइतकंच अचाट वाटलं.

मला अजून एका गोष्टीची रुखरुख आहे. त्या सहा माणसांचा उल्लेख सगळीकडे ‘बेटावरची सहा माणसं’ एवढाच असतो. स्वयंपाकीण, होडीवाले, पाणी भरणारे, कपडे धुणारे, उन्हाळ्याचं घर त्यांच्याच जिवावर चालायचं आणि सप्टेंबरात साहेबलोक गेले की खिडक्या बंद करून त्या बेटावर बर्फात राहायचे ते हेच लोक. पार्कवाल्यांनी घरातल्या खुर्च्या, भोंगा, पलंग सगळं जपलंय, त्यांची एखादी खोली लावली पाहिजे.

तर माझा भाचा बोस्टनला असतो, त्याला मी एवढं पिळलं की तो बिचारा मागच्या सुट्टीत गाडी काढून लुबेकला गेला. तिथे जाऊन त्याच्या लक्षात आलं की पूल ओलांडला की कॅनडा, आणि आपल्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा नाही. पुलाच्या अलीकडून त्याने व्हिडिओ कॉल केला, पलीकडचं दीपगृह दाखवलं, पाणी कसं जोरात वाहतंय ते दाखवलं, स्वेटर घालून कुडकुडत होता, आणि मागून त्याची बायको म्हणत होती मामांना सांगा पुढच्या वेळी स्वतः या. काका माझ्या शेजारीच बसले होते, त्यांनी विचारलं तिथं आत्ता किती आहे, तो म्हणाला चौदा डिग्री. काका म्हणाले, मग व्हिसा काढून ठेव रे भो, मे महिन्याचा बघ. मे ते ऑक्टोबरच उघडं असतं ते घर, तिकीट नाही, आणि शेजारच्या बंगल्यात एलिनॉरच्या नावाने चहा-बिस्किटं देतात म्हणे.